एसटीची थोरली बहीण

माझ्या आईला दोन वयं होती. एक खरं आणि एक कागदावरचं. कागदावर तिचा जन्म १ जून १९४८चा. तिच्या पिढीतल्या निम्म्या महाराष्ट्राचा जन्म १ जूनचाच आहे. पोर शाळेत घालायला आणलं की मास्तर त्याला डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरायला लावत. कान हाताला लागला की वय सहा धरायचं आणि मागं मोजत जायचं. शाळा जूनमध्ये उघडते, हिशेब सोपा पडतो, म्हणून तारीख १ जून. आईचा हात जरा आखूड असावा. तो कानापर्यंत पोचायला वेळ लागला आणि तेवढ्यात मास्तरांनी तिची दीड वर्षं खाऊन टाकली.

खाल्ली ती खाल्ली, पण तारीख मोठी नामी काढली. कारण १ जून १९४८ला पुण्याहून नगरला पहिली एसटी धावली. लाकडी सांगाड्याची, काथ्याच्या गाद्यांची बेडफर्ड गाडी. लक्ष्मण केवटे हे तिचे पहिले वाहक. आईचं माहेर याच रस्त्यावर, शिरूर आणि सुप्याच्या मधे. सरकारची गाडी येणार म्हणून वाटेवरच्या गावांतली माणसं सडकेला येऊन थांबलेली, सवाष्णी गाडीला ओवाळायला ताटं घेऊन उभ्या. त्यांत माझी पणजी होती आणि तिच्या कडेवर दीड वर्षाची आई होती. हे सगळं आईला आठवत असणं शक्य नाही, पण ती ते डोळ्यांनी पाहिल्यासारखं सांगायची. पणजीनं गाडीला कुंकू लावताना थोडं तिच्याही कपाळाला लावलं, असा तिचा दावा होता.

म्हणजे कागदावर आई आणि एसटी जुळ्या, आणि खरं पाहिलं तर आई थोरली. हा थोरलेपणा तिनं शेवटपर्यंत सोडला नाही. महामंडळ, आगार, विभाग नियंत्रक ही सगळी मंडळी तिच्या लेखी धाकट्या बहिणीच्या सासरची होती. त्यांच्याशी ती अदबीनं वागायची, पण त्यांना घाबरायची नाही.

तिचं स्वतःचं सासर, म्हणजे आमचं गाव, पारनेर तालुक्यात, डांबरी सडकेपासून आत. पारनेर म्हणजे पाऊस वरून निघून जातो तो तालुका. १९७२च्या दुष्काळात गावाला काम मिळालं ते रस्त्याचं. सडकेपासून गावापर्यंत रस्ता करायचा, त्यासाठी खडी फोडायची. सकाळी मुकादम हजेरी घ्यायचा, संध्याकाळी ढीग मोजायचा, हिशेब ब्रासवर. आई हातोडी घेऊन बसायची आणि मी तिच्या शेजारी सुकडी खात बसायचो. घरी रेशनवरची तांबडी मिलो. त्या मिलोच्या भाकरीला आई आयुष्यभर नावं ठेवायची, पण सुकडीबद्दल मात्र मी तिच्यासमोर एक अक्षर काढायची सोय नव्हती. मी त्या सुकडीवर वाढलो आणि तिच्या हिशेबात ती तिच्या मजुरीचा भाग होती.

रस्ता झाला. त्यावरून गाडी यायला आणखी काही पावसाळे गेले. मग एके संध्याकाळी एसटी गावात आली, रात्री मुक्कामाला थांबली आणि सकाळी पारनेरवरून नगरला गेली. गावाला मुक्कामी गाडी मिळणं म्हणजे काय, हे शहरातल्या माणसाला समजावणं अवघड आहे. आमच्याकडे सोयरीक जमवताना मुलाकडचे लोक दोनच गोष्टी सांगायचे: विहिरीला पाणी आहे आणि गावाला मुक्कामी गाडी आहे. त्यातली एक तरी खरी असायची.

त्या गाडीनं गावाबाहेर पडलं की एका वळणाला आई खिडकीतून बोट दाखवून शेजारणीला सांगायची, “ह्यो रस्ता मी केलाय.” शेजारीण अनोळखी असली की घोटाळा व्हायचा. एकदा एका बाईनं तिला कंत्राटदारीण समजून मुलाला कामावर लावण्याची गळ घातली. आईनं आढेवेढे न घेता ऐकून घेतलं, मुलाचं शिक्षण विचारलं, आणि “बघते” म्हणाली. बघायचं काय होतं ते तिलाच माहीत. पण पुढं कधीतरी त्याच मुलासाठी तिनं भाळवणीची मुलगी सुचवली. लग्न झालं. नोकरीचं त्यानं स्वतःच पाहिलं असावं.

या गाडीत तिनं किती सोयरिकी जमवल्या त्याची नोंद कोणी ठेवलेली नाही. तिची पद्धत सोपी होती. तीन जणांच्या बाकावर मधे बसायचं. एका बाजूला मुलीची आई आणि दुसऱ्या बाजूला मुलाची मावशी येईपर्यंत वाट बघायची. माझ्याकडे मोटार आल्यावर मी म्हणायचो, “आई, गाडी पाठवतो, एसटीनं कशाला दगदग करतेस?” ती म्हणायची, “तुझ्या गाडीत बोलायचं कोणाशी? ड्रायव्हर म्होरं बघणार, तू फोनवर बोलणार.”

पुढच्या बाकांवर तेव्हा पाट्या असायच्या. स्वातंत्र्यसैनिकांसाठी, अपंगांसाठी, आमदारांसाठी. आई बिनदिक्कत आमदारांच्या जागेवर बसायची. एका नव्या वाहकानं तिला पाटी वाचून दाखवली. आई चौथीपर्यंत शिकलेली, पाटी तिला वाचता येत होतीच. ती म्हणाली, “येऊ दे की आमदार. उठते मी. दारात मतं मागायला येतो तव्हा उठतोच ना आम्ही?” मी त्या गाडीतून अनेक वर्षं प्रवास केला. आईला उठायची वेळ आली नाही.

आता वयाचा दुसरा अध्याय. माझ्या वयाचा. बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला अर्धं तिकीट, हा नियम. आमच्या घरात मी बरीच वर्षं बारा वर्षांचा होतो. माहेरी जायला निघताना आई मला सूचना द्यायची: ताठ बसू नको, वाहक आला की माझ्याकडे सरक, आणि तोंड उघडू नको. तोंड उघडू नको, कारण माझा आवाज फुटला होता. वाहक तिकिटांचा पत्र्याचा ट्रे बगलेत धरून, चिमट्यानं बाकाच्या दांडीवर टकटक करत यायचा. मला पाहून थबकायचा. “कितवीला रे?” मी आईकडे बघायचो. आई म्हणायची, “आठवीला हाय. लई हुशार, म्हणून मास्तरांनी दोन यत्ता पुढं ढकलला.” वाहक माझ्या वरच्या ओठाकडे बघून म्हणायचा, “मिशीपण हुशार दिसती.” आणि अर्ध्या तिकिटाला चिमटा मारायचा.

ही लबाडी होती, यात शंका नाही. देवाला बोललेला नवस फेडताना एक रुपयाही कमी न करणारी, दुकानदारानं चुकून जास्त दिलेले सुटे पैसे परत करायला उन्हात माघारी जाणारी माझी आई एसटीत मात्र खोटं बोलायची. मी मोठा झाल्यावर तिला हे विचारलं. तिचं उत्तर तयार होतं. “माझं दीड वरीस मास्तरांनी खाल्लं, ते कोणी भरून दिलं? ते मी तुझ्या तिकिटात वळतं करून घेतलं.” हा हिशेब कुठल्याही लेखापरीक्षकासमोर टिकणार नाही, पण मला तो अजून पटतो.

आणि शिवाय तिनं एसटीला जे दिलं त्याची पावती कुठं होती? मी कॉलेजला नगरला गेलो, तेव्हा खानावळीचे पैसे भरायची ऐपत नव्हती. आमच्या भागातली बहुतेक पोरं त्या काळी एसटीच्या डब्यावर शिकली. पहाटे घरोघरी भाकरी थापल्या जायच्या, डबे फडक्यात बांधून त्यावर शाईनं नावं लिहिलेली असायची, आणि सहाच्या गाडीत ते चालकाच्या बाजूला, इंजिनाशेजारी रचले जायचे. इंजिनाच्या धगीनं भाकरी माळीवाड्याच्या स्टँडवर पोचेपर्यंत कोमट राहायची. आम्ही पोरं स्टँडवर थांबलेलो असायचो. गाडी लागली की उतारूंच्या आधी डबे उतरायचे. रिकामा डबा दुपारच्या गाडीनं परत.

आईच्या डब्यात बाजरीच्या भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कधी मटकी, कधी हुलग्याचं माडगं, आणि सगळ्यात वर एक वेगळी भाकरी कागदात गुंडाळलेली. ती चालकाची. चालकानं ती वाटेतच काढून घ्यावी अशी व्यवस्था होती. कधी त्याचा उपास असला, तर भाकरी माझ्यापर्यंत यायची आणि मग रिकाम्या डब्याबरोबर त्याचा खुलासा पाठवावा लागायचा. आईच्या चिठ्ठ्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटलेल्या असत, तेलानं अर्ध्या पारदर्शक झालेल्या. मजकूर बेताचा. “मेथी कडू हाय. टाकू नको.” “वाहकाच्या पोरीला ताप हाय. विचार.” “परीक्षा कव्हा ते कळव, वशाटाचा डबा नंतर.” माझ्या पदवीच्या सर्टिफिकेटावर विद्यापीठाच्या कुलगुरूंची सही आहे. त्या सहीशेजारी पारनेर आगाराचा शिक्काही असायला हवा होता, असं मला वाटतं.

ऑक्टोबर २०२१च्या अखेरीला एसटी कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला आणि तो २०२२च्या एप्रिलपर्यंत चालला. गावात मुक्कामी गाडी येईना. आई घरात अशी वावरायची की सुनेला वाटायचं आपलंच काहीतरी चुकलं. मी फोनवर संपाची बातमी वाचून दाखवायला लागलो की ती अडवायची, “ते ऱ्हाऊ दे. ते लोक खात्यात काय?” थोड्या दिवसांनी कळलं, की गावातल्या एका पोराच्या मोटरसायकलवर मागं बसून ती पिठलं-भाकरी घेऊन आगाराबाहेरच्या मांडवात गेली होती. संपकरी मागत होते ते विलीनीकरण म्हणजे काय, हे तिला माहीत नव्हतं. तिला एवढंच माहीत होतं, की माझ्या डब्यातली एक भाकरी कायम त्यांची होती.

संप मिटला, गाडी सुरू झाली, आणि २६ ऑगस्ट २०२२पासून सरकारनं पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीचा प्रवास मोफत केला. आईची खरी पंच्याहत्तरी उलटून गेली होती. कागदावर चौऱ्याहत्तर. आधार कार्ड पाहून वाहक म्हणाला, “आजी, पुढच्या जूनपर्यंत थांबा.” आईनं त्याला पहिल्या गाडीची, पणजीची, कुंकवाची आणि आखूड हाताची सगळी कथा सांगितली. वाहकानं ती शांतपणे ऐकली आणि अर्धं तिकीट फाडलं. पासष्टीनंतरची सवलत तिला होतीच. मग १७ मार्च २०२३ला सगळ्याच बायकांना अर्धं तिकीट झालं. दुसऱ्या दिवशी आईनं त्याच वाहकाला गाठलं. “म्हातारी म्हणून अर्धं माफ, बाई म्हणून अर्धं माफ. दोन अर्धी मिळून किती होतात, मास्तर?” माझ्या माहितीप्रमाणे या प्रश्नाचं उत्तर महामंडळाच्या कुठल्याही परिपत्रकात नाही.

१ जून २०२३ला आई कागदावर पंच्याहत्तर वर्षांची झाली. एसटीही झाली. मी पुण्याहून केक घेऊन गावी जायच्या विचारात होतो, तर सकाळीच तिचा फोन: मी निघालीये. शिरूरवरून, म्हणजे पहिली एसटी ज्या रस्त्यानं गेली त्याच रस्त्यानं, स्वतःच्या माहेरासमोरून, ती एकटी पुण्याला आली. शिवाजीनगरचं स्थानक तोवर मेट्रोमुळं वाकडेवाडीला गेलेलं. मी तिथं घ्यायला गेलो. तिनं पिशवी माझ्या हातात दिली आणि मुठीतलं तिकीट उलगडून दाखवलं. शून्य रुपये. माझा पगार किती, हे तिनं इतक्या अभिमानानं कधीही कोणाला सांगितलं नव्हतं.

मग ती सुटलीच. पंढरपूर, तुळजापूर, वणी, जोतिबा. कुठल्याही प्रकारच्या गाडीत फुकट जाता येत होतं, पण वातानुकूलित गाडीत ती बसायची नाही. काच उघडत नाही, म्हणजे स्टँडवरच्या माणसाशी बोलायचं कसं? नातेवाइकांच्या घरी ती न कळवता उगवायची. चुलत बहिणीच्या नणंदेच्या घरीही. निघताना मला पत्ता विचारायची नाही, वाहकाला विचारायची. बरोबर पोचायची.

महाडवरून ती रायगडालाही जाऊन आली. पाळण्यानं वर गेली, हिरकणीचा बुरूज पाहिला. एसटीनं आपल्या निमआराम गाडीला हिरकणीचं नाव दिलेलं, त्यामुळं आईला ती घरातलीच. गडाचे दरवाजे बंद झाल्यावर तान्ह्या बाळासाठी कडा उतरून गेलेली ती गवळण. तिथं कोणी वाटाड्या ती गोष्ट रंगवून सांगत होता. बायका डोळे पुसत होत्या. परत आल्यावर मी विचारलं, “कसा वाटला बुरूज?” आई म्हणाली, “उतरली ते समदे सांगत्यात. दुसऱ्या दिशी दुधाची घागर घेऊन परत वर चढली आसंल, ते कोण सांगतं?”

आईवर मराठीत इतकं लिहिलं गेलंय, साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली त्याला नव्वद वर्षं होऊन गेली, पण हा प्रश्न मी कुठं वाचला नव्हता. आमच्याकडे आई कडा उतरते तेवढीच दिसते. रोज सहाच्या गाडीला भाकऱ्या पोचवणारी दिसत नाही, कारण तिच्या नावाचा बुरूज नसतो.

माघात आई गेली. कागदावर शहात्तर, खरी अठ्ठ्याहत्तर. दुपारी जेवून आडवी झाली ती झालीच. कोणाला हाक मारली नाही, कोणाला त्रास दिला नाही. एवढ्या बोलक्या बाईनं हे जाणं कसं साधलं, याचं आम्हाला अजून नवल आहे.

दहाव्याला ओढ्याच्या काठी सगळे जमले. मुक्कामी गाडीचे चालक-वाहक रात्रीच गावात आले होते. ते सकाळची फेरी दुसऱ्या जोडीकडे सोपवून थांबले. मामा तयारीनं आले होते. कावळा शिवायला वेळ लावतो, मग एकेकानं पुढं होऊन वचन द्यायचं असतं: तुझ्या धाकट्याचं बघू, म्हशीला विकणार नाही, वाटणीवरून भांडणार नाही. मामांनी अशी चार-पाच वचनं मनात जुळवून ठेवली होती. गुरुजी पिंड ठेवून अजून सरळ उभेही राहिले नव्हते, तोच कावळा आला, शिवला आणि उडून गेला. मामा तोंड उघडं ठेवून बघत राहिले. वाहक माझ्या मागं उभा होता. हळूच म्हणाला, “मावशींना गाडीच्या आधी तासभर स्टँडवर जायची सवय होती.” त्या दिवशी ओढ्यावर माणसं हसली. आईच्या दहाव्याला हसलेली माणसं बघून आधी मला कसंतरी झालं, मग बरं वाटलं.

तिच्या पेटीत एका बटव्यात तिकिटं सापडली. शून्य रुपयांची सगळी, गड्डी करून दोरा बांधलेली. यंत्रातून निघणाऱ्या तिकिटांवरची अक्षरं काही महिन्यांत उडून जातात. त्यामुळं पंढरपूर कुठलं आणि वणी कुठलं ते आता ओळखू येत नाही. सूनबाई म्हणाली, “ठेवायची का ही?” किंमत आधीच शून्य होती, आता मजकूरही नाही. ठेवली आहेत.

वाचकांपैकी कोणाची आई कागदावर पंच्याहत्तरीला आली असेल, तर एक व्यवहाराचं सांगून ठेवतो. तिला सोडायला मोटार काढू नका, स्टँडवर न्या आणि एकटीला बसू द्या. आधार कार्ड तिच्या पिशवीत आहे का ते बघा. प्रवास फुकट असला तरी शून्याचं तिकीट वाहकाकडून घ्यावंच लागतं, हे तिला सांगा. आणि तारीख १ जून असेल, तर गाडी फलाटाला लागायच्या आत तिला तिचं खरं वय विचारून घ्या.